मैलागाळ टाकलेल्या रानात मेथी लावावी का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): शहराला लागून आमची दोन एकर काळी जमीन आहे, सामू (पीएच) 8.1. मैला शुद्धीकरण केंद्रातला वाळलेला गाळ फुकट मिळतो, म्हणून तीन वर्षं दर उन्हाळ्यात बारा ट्रॉल्या टाकतोय. पहिली दोन वर्षं सोयाबीन आणि मेथी जोरात आली. यंदा सोयाबीनचे शेंडे पिवळे पडलेत. शेजारी म्हणतात, गाळात कॅडमियम-शिसं असतं, जमीन विषारी झाली. घरच्यांनी या रानातली मेथी खायची बंद केलीय. बाजारात मात्र जाते, आणि तेच मनाला टोचतं. कृषी दुकानदार म्हणतो, गंधक टाका आणि ड्रिपमधून ॲसिड सोडा, जमीन साफ होईल. काय करू? शिवाय सिंधुदुर्गात मेहुण्यांची भातशेती आहे, त्यांनाही हा गाळ हवाय. पाठवू का?

उत्तर:

नमस्कार. दोन कामं आजच करा. ड्रिपमधून ॲसिड सोडू नका. आणि तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत या रानातली मेथी, पालक, कोथिंबीर बाजारात पाठवू नका. तुमच्या मनाला जे टोचतंय ते बरोबर आहे. पुढे वाचाल तसं दिसेल की जमीन बहुधा शेजारी म्हणतात तितकी बिघडलेली नाही, पण हे ठरवायला तुमच्याकडे आज एकही आकडा नाही.

ॲसिडचं आधी सांगतो, कारण नुकसान तिथे सगळ्यात लवकर होईल. जड धातू मातीत दोन प्रकारे राहतात. बराचसा भाग चिकणमातीला, चुनखडीला, लोहाच्या ऑक्साइडला आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरलेला असतो. थोडासा मातीतल्या पाण्यात विरघळलेला असतो, आणि मुळं तेवढाच उचलतात. किती धरलेला आणि किती मोकळा हे सगळ्यात जास्त सामू ठरवतो. सामू उतरला की कॅडमियम, जस्त आणि निकेल मोकळे होतात. तुमचा 8.1 सामू आणि काळ्या मातीतला चुना ही आज तुमच्या रानाची ढाल आहे. ॲसिडनं धातू जमिनीबाहेर जात नाही, फक्त बांधलेला होता तो सुटतो आणि पिकात जातो. अख्ख्या चुनखडीच्या रानाचा सामू थोड्याशा ॲसिडनं हलणार नाही, हे खरं. पण ड्रिपरखालच्या वीतभर ओल्या मातीचा हलतो, आणि पांढरी मुळं नेमकी तिथंच असतात. गंधकाचंही तेच, फक्त सावकाश.

याच कारणासाठी या रानात म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. म्युरेटमधलं क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतं आणि त्याला मातीच्या पकडीतून सोडवून मुळाजवळ आणतं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर हाच त्रास पाण्यातूनही होतो, म्हणून पाण्याची ईसी (क्षारांचं प्रमाण) आणि क्लोराइडही एकदा तपासून घ्या.

आता हिशोब. ट्रॉली अंदाजे तीन टनांची धरली तर वर्षाला 36 टन, तीन वर्षांत 108 टन. वाळवण वाफ्यावरचा गाळ दिसायला कोरडा दिसतो, पण त्यात निम्मं पाणी सहज असतं. घरी ताडून बघा: एक किलो गाळ प्लॅस्टिकवर पातळ पसरून चार-पाच कडक उन्हं द्या आणि पुन्हा वजन करा. निम्मं पाणी धरलं तर कोरडा गाळ 54 टन झाला, म्हणजे एकरी 27 टन. एका एकरातली वरची 15 सेंटिमीटर माती साधारण 8 लाख किलो भरते. म्हणून गणित सोपं आहे: एकरी कोरडा गाळ (टनांत) गुणिले गाळातला धातू (मिलिग्रॅम प्रति किलो) भागिले 800. येणारं उत्तर म्हणजे मातीत पडलेली भर, मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये.

गाळात कॅडमियम 5 असेल तर भर पडली सुमारे 0.17. शिसं 100 असेल तर 3.4. जस्त 1500 असेल तर 50. हे आकडे घाबरून जाण्यासारखे नाहीत. पण त्याच नाल्यात प्लेटिंगच्या किंवा बॅटरीच्या कारखान्यांचं पाणी येत असेल आणि कॅडमियम 40 निघालं, तर भर 1.35 होते, आणि मग गोष्ट पूर्ण वेगळी. सगळं गाळाच्या अहवालावर अवलंबून आहे, आणि तो तुम्ही अजून मागितलेला नाही. केंद्रावर जाऊन लेखी अर्ज द्या: मागच्या तीन वर्षांचे गाळाचे धातू-तपासणी अहवाल द्या, आणि या केंद्रात औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी येतं का ते सांगा. एका वर्षाचा अहवाल पुरत नाही, कारण नाल्यावर एक नवा कारखाना आला की गाळ बदलतो.

आकडे कशाशी ताडायचे? आपल्याकडे शहरी कंपोस्ट विकायचं तर खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे किलोमागे कॅडमियम 5, शिसं 100, निकेल 50, क्रोमियम 50, तांबं 300, जस्त 1000 आणि पारा 0.15 मिलिग्रॅमच्या आत लागतो. फुकट मिळणाऱ्या गाळालाही हीच फूटपट्टी लावा. युरोपचा 1986 चा गाळविषयक नियम दुसऱ्या बाजूनं मोजतो: दहा वर्षांच्या सरासरीनं हेक्टरी वर्षाला कॅडमियम 150 ग्रॅमपेक्षा आणि जस्त 30 किलोपेक्षा जास्त पडू नये. वरचं उदाहरण धरलं तर तुमचं कॅडमियम हेक्टरी वर्षाला 110 ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे आत आहे. जस्त मात्र 33 किलो, रेषेच्या थोडं वर. अमेरिकेचा 1993 चा नियम याहून बराच सैल आहे; गाळात कॅडमियम 39 पर्यंत असलं तरी तो गाळ चांगला मानतो. त्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याकडे रोज पालेभाजी खाणारी घरं आहेत.

घाई नको असं आम्ही म्हणत नाही, उलट गाळ लगेच थांबवा म्हणतो. याचं कारण इंग्लंडमधल्या वोबर्नच्या रानात आहे. तिथे रॉथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 1942 ते 1961 पर्यंत भाजीपाल्याच्या प्लॉटमध्ये लंडनचा मैलागाळ टाकला आणि मग बंद केला. वीसेक वर्षांनी माती तपासली तेव्हा धातू बहुतेक सगळे नांगरटीच्या थरातच होते, पावसानं खाली गेले नव्हते. गाळातला सेंद्रिय पदार्थ कुजून बराच कमी झाला होता, धातू मात्र होते तिथेच. पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला जे पीक दिसलं ते गाळातल्या नत्र-स्फुरदाचं. ते दोन हंगामांत खर्ची पडतं. धातू नातवंडांच्या वाट्याला उरतो.

आता नमुना. इथे चूक झाली तर प्रयोगशाळेचे पैसे वाया. पत्र्याचं घमेलं आणि पत्र्याची बादली वापरू नका. पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, आणि तुम्हाला मोजायचंय तेच जस्त. प्लॅस्टिकची बादली आणि स्टीलचं किंवा लाकडी खुरपं घ्या. रान वाफशावर असताना नागमोडी चालत वीस ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 सेंटिमीटर खड्डा करा आणि कडेनं वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढा. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तसंच, शेवटी अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवा. चाळणी पितळी नको, नायलॉनची हवी.

ट्रॉल्या जिथे उलटल्या आणि ढीग आठवडाभर पडून राहिले, ती जागा या नमुन्यात घेऊ नका. तिचा वेगळा नमुना करा. दोन एकरांची सरासरी चांगली आणि ढिगाच्या जागी मात्र चौपट धातू, असं सर्रास होतं, आणि मेथीचा वाफा नेमका तिथंच असतो कारण तिथं ती हिरवीगार येते. तिसरा नमुना बांधापलीकडचा, तशीच काळी माती पण गाळ कधीच न पडलेली. हा नमुना सोडू नका. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त. एकूण तांबं शंभराच्या आसपास आलं तर ते गाळाचं की दगडाचं, हे बांधापलीकडची मातीच सांगेल. बाहेरच्या देशाचा तक्ता समोर ठेवून तुमची जमीन दूषित ठरवली तर ती चूक ठरेल.

प्रयोगशाळेत नुसतं माती परीक्षण मागू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. जस्त आणि तांबं असतात, कॅडमियम आणि शिसं नसतात. पत्रिका हातात घेऊन जमीन साफ आहे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही कॅडमियम, शिसं, निकेल, क्रोमियम, तांबं आणि जस्त, हे सहाही धातू दोन पद्धतींनी मागा: अम्लराजात (तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून एकूण, आणि डीटीपीए द्रावणानं उपलब्ध. सोबत सामू, ईसी, मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब. एकूण आकडा सांगतो किती साठलंय, डीटीपीएचा आकडा सांगतो त्यातलं किती पिकाच्या हाती लागतंय. डीटीपीए जस्त 0.6 च्या खाली असेल तर कमतरता मानतात. तुमच्याकडे ते 10 च्या वरही निघू शकतं. तसं निघालं तर सवयीनं टाकता ती झिंक सल्फेटची पिशवी बंद करा.

मातीपेक्षाही महत्त्वाचा नमुना मेथीचा, कारण खाणारा माती खात नाही. जमिनीपासून दोन बोटं वर कापा, खाण्याजोगा पाला नळाच्या पाण्यानं आणि शेवटी शुद्ध पाण्यानं धुवा, कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. ताज्या वजनावर कॅडमियम 0.2 आणि शिसं 0.3 मिलिग्रॅम प्रति किलो, ही पालेभाजीची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा. अहवालात आकडा ताज्या वजनावर आहे की वाळलेल्या, ते नक्की विचारा. पाल्यात सुमारे 90 टक्के पाणी असतं, म्हणून वाळलेल्या वजनावरचं 1.5 म्हणजे ताज्यावरचं 0.15. हा गोंधळ झाला की चांगली भाजी विषारी ठरते, किंवा त्याहून वाईट, उलटं होतं. मेथीत शिसं जास्त आणि कॅडमियम कमी आलं, तर ते बहुधा पानावरच्या मातीचं असतं. शिसं मुळातून वर फारसं चढत नाही. नीट धुतलं तर ते बरंचसं जातं. कॅडमियम पानाच्या आत असतं, ते कितीही धुतलं तरी जात नाही.

धातूंमधला हा फरक लक्षात ठेवला तर अर्धी भीती जाते. जस्त, तांबं, निकेल जास्त झाले तर पीकच आधी खुरटतं, माणसापर्यंत पोचायच्या आत झाड बोलतं. शिसं, क्रोमियम आणि पारा माती धरून ठेवते. त्यांचा धोका मातीच खाण्याचा, म्हणजे रानात खेळणारी लहान मुलं आणि पार मुळापर्यंत चरणारी जनावरं. कॅडमियमचं तसं नाही. झाड टवटवीत दिसतं आणि पानात कॅडमियम भरलेलं असतं. तुमची मेथी जोरात आली, यावरून ती खायला चांगली आहे असं म्हणता येत नाही.

यंदाच्या पिवळेपणाकडे येऊ. पानं खालची पिवळी की शेंड्याची? तुम्ही शेंडे लिहिलंत. शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या रानात ओल धरली की ती गाळाशिवायही येते. पण जस्त, निकेल जास्त झाले तर दिसणारं लक्षणही हेच, आणि गाळातल्या भरमसाट स्फुरदानंही लोह अडतं. फरक असा ओळखा: बांधापलीकडच्या गाळ न टाकलेल्या सोयाबीनचे शेंडे बघा. तेही पिवळे असतील तर गाळाला दोष देऊ नका. तुमचेच असतील, आणि ढिगाच्या जागी जास्त असतील, तर गाळाचा हात आहे.

पिकासाठी उपाय दोन्हीकडे एकच. दहा लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग 50 ग्रॅम फेरस सल्फेट. क्रम उलटा केला तर जड पाण्यात लोह तांबूस होऊन तळाशी बसतं आणि फवारणी फुकट जाते. फेरस सल्फेट हिरवट हवं, पिशवीत तपकिरी झालेलं नको. ऊन उतरल्यावर आधी फक्त दोन ओळी फवारा. आठवड्यात नवी पानं हिरवी झाली तर सगळं रान घ्या, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. (जमिनीत सोडायच्या ॲसिडला आम्ही नाही म्हटलं आणि इथे सायट्रिक सांगतोय, पण हे पानावर आहे आणि चिमूटभर आहे.)

आणखी एक बघा. फुलोऱ्याच्या सुमाराला पाच-सहा झाडं ओल्या मातीत खुरप्यानं हलकेच उकरा, उपटू नका, गाठी तुटतात. मुळांवरच्या गाठी नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल असली तर गाठ नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट असली तर ती नुसती बसून आहे. वोबर्नच्या रानात क्लोव्हरच्या मुळांवर गाठी होत्या, पण आतला रायझोबियम जिवाणू नत्र धरू शकत नव्हता. धातूंना टिकून राहिलेला जिवाणूचा वाण निकामी होता. सोयाबीनचा जिवाणू वेगळा आहे, त्यामुळे तेच होईल असं नाही. शिवाय गाळातलं नत्र भरपूर असलं की सोयाबीन गाठी धरायचा कंटाळाच करतं, म्हणजे गाठी कमी दिसल्या म्हणून लगेच धातूंवर ठपका नको. गाठी भरपूर पण आतून पांढऱ्या, असं दिसलं तर मात्र ते अहवालाशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळून एका पट्ट्यात पेरा आणि फरक पाहा.

पिकं कोणती घ्यायची? कॅडमियम सगळ्यात जास्त पानात साठतं, त्याखालोखाल मुळात, दाण्यात कमी, फळात सगळ्यात कमी. म्हणून पालक, मेथी, माठ, शेपू, कोथिंबीर, मुळा आणि गाजर या रानातून काढा. सूर्यफूलही नको, ते बियांत कॅडमियम ओढतं. ज्वारी, मका, तूर, वेलवर्गीय भाज्या आणि फळबाग चालेल. ऊस उत्तम. पालेभाजी बंद ठेवायला दुसरं कारणही आहे: मैलागाळात जंतांची अंडी असतात आणि ती महिनोन्महिने जगतात. जंतू पूर्ण मारलेले नाहीत अशा गाळानंतर मातीला टेकणारं पीक काढायला अमेरिकेत 14 महिने थांबवतात, मातीखालच्या पिकाला 20 ते 38 महिने. तुम्ही उन्हाळ्यात गाळ टाकून त्याच पावसाळ्यात मेथी काढत होतात.

दावणीला जनावरं असतील तर एक गोष्ट काळ्या मातीवाल्यांनीच सांभाळायची. मॉलिब्डेनम इतर धातूंच्या उलट वागतो: सामू जास्त असेल तर तोच मोकळा होतो आणि लसूण घासासारख्या द्विदल चाऱ्यात साठतो. तो जनावरांच्या पोटात तांबं अडवतो. मग गाय पातळ शेण टाकते, अंगावरचे केस फिके पडतात, डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखी कडी दिसतात. या रानात घास असेल तर त्यातलं तांबं आणि मॉलिब्डेनम तपासा. मॉलिब्डेनमच्या दुपटीपेक्षा तांबं कमी निघालं तर हा घास एकटा घालू नका. दुसऱ्या रानाच्या कडब्यात मिसळा आणि पशुवैद्यांना अहवाल दाखवा.

जमीन साफ करून देतो म्हणणारे येतील, मोहरी किंवा सूर्यफूल लावा म्हणतील. हिशोब करून बघा. एकरी चार टन कोरडा पाला, किलोमागे 1 मिलिग्रॅम कॅडमियम, म्हणजे एका पिकात चार ग्रॅम निघालं. वरच्या उदाहरणात तुम्ही एकरी 135 ग्रॅम टाकलंय. तेहेतीस-चौतीस पिकं लागतील, आणि प्रत्येक पिकाचा पाला टाकायचा कुठे? जनावराला चालणार नाही, खतातही चालणार नाही. ईडीटीए (धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन) सोडून धातू मोकळा करायची युक्ती तर विहिरीच्या जिवावर उठते. सुटलेला धातू पिकात जातो त्याहून जास्त पाण्याबरोबर खाली जातो. धातू काढायच्या मागे न लागता तो बांधलेलाच ठेवा: सामू साडेसातच्या खाली येऊ देऊ नका, चांगलं कुजलेलं शेणखत दरवर्षी द्या म्हणजे गाळाचा कुजणारा सेंद्रिय भाग भरून निघेल, अमोनियम सल्फेट टाळा. ढिगाच्या जागा खोल नांगरून आजूबाजूच्या मातीत पसरवा. एवढ्यानं बहुतेक रानं सुरक्षित राहतात.

मेहुण्यांना गाळ पाठवू नका. त्यांची जांभ्याची लाल माती आम्ल, सामू बहुधा साडेपाचच्या आसपास. तुमच्या रानात जे कॅडमियम चुनखडीनं धरलंय, तेच तिथे पहिल्याच पावसात मोकळं होईल. त्यातून पीक भात. खाचरात पाणी उभं असतं तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेलं असतं आणि दाण्यात जात नाही. निसवणीच्या सुमाराला पाणी काढलं की माती श्वास घेते, कॅडमियम सुटतं आणि थेट दाण्यात भरतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीचं कॅडमियम भातातूनच माणसांच्या मूत्रपिंडांत आणि हाडांत गेलं. तो आजार इताई-इताई, म्हणजे दुखतंय-दुखतंय, या नावानं ओळखला जातो.

गाळ त्यांनी आधीच टाकला असेल, तर लोंबी यायच्या तीन आठवडे आधीपासून तीन आठवडे नंतरपर्यंत खाचरात पाणी ठेवायला सांगा. आणि पुढच्या उन्हाळ्यात माती परीक्षणातल्या चुन्याच्या गरजेप्रमाणे चुना देऊन सामू साडेसहाच्या वर न्यायला सांगा. तांदूळ तपासायला देताना कॅडमियमबरोबर आर्सेनिकही लिहून द्या, कारण पाणी उभं ठेवलं की कॅडमियम घटतं पण आर्सेनिक वाढतं.